बायजाची घारापुरी

मी एक जुना मचवा आहे. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात, किनाऱ्यावरच्या दोन ओंडक्यांवर मी गेली काही वर्षं कलंडून पडलो आहे. माझ्या काठावर फाटकी जाळी वाळतात आणि पोटात कोंबड्या अंडी घालतात. मित्रांनो, कोंबड्यांबद्दल माझी तक्रार नाही. निदान त्या तरी माझ्यात येऊन बसतात.

माझा जन्म करंजा बंदरातला. सुतारांनी सागाच्या फळ्या तापवून वाकवल्या, सांध्यांत कापूस ठोकला, वरून राळ ओतली. गावची माणसं पहिल्यांदा मत द्यायला गेली, त्याच वर्षीच्या नारळी पुनवेला मला पाण्यात ढकललं. माझा धनी धर्मा उंच, तिरसट, आणि पाण्याचा मोठा जाणकार. तुम्ही नुसती तिथी सांगायची, तो भरतीची वेळ सांगणार. त्याची बायको बायजा. तिनं माझ्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं, नारळ वाहिला आणि नवऱ्याला विचारलं, "मना कवा नेशील यात?"

"पयला फेरा तुजाच. घारापुरीची लेनी दाकवतो," धर्मा म्हणाला.

घारापुरीचा डोंगर आमच्या खाडीच्या तोंडाशी गेलं की समोर दिसतो. बायजा त्याच्याकडे बघतच लहानाची मोठी झाली होती, पण तिथं तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं.

पहिला फेरा मासळीचा निघाला. भाऊच्या धक्क्यावर टोपल्या उतरतात न उतरतात तोच मुंबईचं एक कुटुंब समोर येऊन उभं राहिलं. "चौपाटीला जाऊन जाऊन कंटाळलो हो. जरा पुढं कुठंतरी न्या की," बाई म्हणाल्या. धर्मानं मला तीन वेळा धुतलं, चटई अंथरली आणि त्यांना घारापुरीला नेलं. झालं! त्या दिवसापासून माझे रविवार ठरून गेले. डबे, फिरकीचे तांबे, पत्त्यांचे जोड आणि नाकाला लावायचे अत्तराचे रुमाल घेऊन माणसं यायची. एक आजोबा तर दर लाटेला रामरक्षा पहिल्यापासून सुरू करायचे. उतरताना मुलं माझ्या फळीवर थाप मारून म्हणायची, "काय छान मचवा आहे!" तेव्हा मी सागाचा असूनही फुगायचो.

उशीर करणाऱ्याची मात्र धर्मा गय करत नसे. एकदा एक कोटवाले गृहस्थ बेटावर दुसरा चहा घेत बसले. धर्मानं सरळ शीड उभारलं. बिचारे बूट हातात धरून चिखलातून धावत आले आणि वर रागावले. "पानी काय माज्या बापाचं हाय?" धर्मा एवढंच म्हणाला.

रविवारी संध्याकाळी मला धुवायचं काम बायजाचं. माझ्या तळाशी तिला शेंगांची टरफलं सापडत, कधी एखादी रिबीन. एकदा लेण्यातल्या देवाचं चित्र सापडलं. ते तिनं पदरानं पुसलं.

"याला खरंच तीन तोंडं हायेत?"

"हायेत."

"येवढ्या तोंडांनी बगतो तरी काय?"

"गिऱ्हाईकं," धर्मा म्हणाला, आणि दोघंही हसली. पण हसून झाल्यावर बायजानं ते चित्र टाकलं नाही, कनवटीला लावलं. ते मी पाहिलं. शेकडो अनोळखी माणसांना मी तो देव दाखवून आणला होता, आणि माझ्या नाळेला कुंकू लावणारी बाई चित्रावर भागवत होती. मी काय करणार? मला सुकाणू आहे, पण ते वळवणारा हात माझा नाही.

मासळी बरी पडली की जाऊ, काशी चालायला लागली की जाऊ, असं म्हणता म्हणता दहा वर्षं गेली. काशी ही त्यांची मुलगी. ती आठ वर्षांची झाली तेव्हा एके दिवशी धर्मा आपणहून म्हणाला, "येत्या बुधवारी अष्टमी हाय. सकाली सहाला भरती. पान्याबरोबर जाव, पान्याबरोबर येव." रविवार गिऱ्हाइकांचा होता, म्हणून बुधवार.

आता बुधवार म्हणजे मासळी खाण्याचा वार. बेलापूरच्या सुमित्राबाईंकडे पाहुणे यायचे होते आणि त्यांनी पापलेटं सांगून ठेवली होती. सुमित्राबाई बायजाचं लग्नापासूनचं गिऱ्हाईक. त्यांना कसं फसवायचं? बायजानं पहाटेच नवं लुगडं नेसलं, डोक्यात अबोली माळली, भाकरीचं गाठोडं माझ्यात ठेवलं आणि म्हणाली, "येवढी येक टोपली देऊन येतं. ही गेलं आनि ही आलं."

सहा वाजले. पाणी माझ्या पोटाला लागलं होतं. साडेसहा झाले. अष्टमीचं पाणी आधीच तोकडं, ते उतरायला लागलं. धर्मा काठावर उभा राहून वाटेकडे बघत होता. अरे, शीड उभार, नाहीतर तिला हाक मार, काहीतरी कर, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण ज्यानं कधी कुणासाठी घडीभर वाट पाहिली नाही, तो त्या दिवशी थांबला.

बायजा आठाच्या सुमारास धापा टाकत आली. नव्या लुगड्यावर मासळीचे खवले चिकटले होते. "बाई बोलल्या, साफ करून दे. मंग पावने आले, मंग बोलल्या, कापून दे," असं सांगता सांगताच ती चढली. आम्ही निघालो. खाडीच्या तोंडाशी पोचलो, घारापुरीचा डोंगर समोर आला, काशीनं टाळ्या वाजवल्या आणि माझा तळ चिखलात रुतला.

धर्मानं बांबू लावून पाहिला. कंबरभर चिखलात उतरून मला खांदा दिला. मी जागचा हललो नाही. पाणी बघता बघता दूर गेलं आणि मी एका कुशीवर कलंडलो. माझ्याखाली कालवांचा खडक होता. माझी एक फळी कडकडली. ती वेदना मला आजही आठवते, पण त्याहून जास्त आठवते ती शरम.

धर्मा चिखलातून वर चढला. मग बायजा म्हणाली, "तू थांबायला नको व्हतं."

"तू गिऱ्हाईक असतीस तं गेलो असतो," धर्मा म्हणाला.

तिनं मान खाली घातली आणि लुगड्यावरचे खवले एकेक करून काढले. मग गाठोडं सोडलं. तांदळाच्या भाकरी होत्या, सुक्या करंदीची चटणी होती. भर उन्हात, माझ्या कलत्या फळीवर पाय रोवून तिघं जेवली. समोरून शीडवाले मचवे पाहुण्यांना घेऊन घारापुरीकडे जात होते. काशीनं विचारलं, "आये, आपन पोचलो का?"

"पोचलो आसं समज," बायजा म्हणाली आणि डोंगराकडे पाठ करून बसली.

दुपारी उशिरा पाणी आलं. तडकलेल्या फळीतून ते माझ्यातही आलं. डब्यानं उपसत उपसत तिघं घरी परतली.

माझी फळी बदलली, पण दोष राहिला. त्यातच फटफट करणाऱ्या लाँची आल्या. गिऱ्हाईक तिकडे वळलं. मी ओंडक्यांवर चढलो आणि धर्मा एका लाँचवर खलाशी झाला. आता तो दर रविवारी घारापुरीला जातो, दोर फेकतो, दोर सोडतो. घरच्यांना न्यायची तिथं मुभा नाही. बायजा रविवारी बाजारात असते. संध्याकाळी धर्मा माझ्यात येऊन बसतो.

मित्रांनो, मला रंग लावा, डांबर लावा, असं मी सांगणार नाही. माझी मागणी वेगळी आहे. आषाढी अवसेच्या दुपारी असं उधाण येतं की पाणी थेट माझ्यापर्यंत चढतं. घटकाभर मी ओंडक्यांवरून उचलला जातो, खरोखर तरंगतो. पावसाळ्यात लाँच बंद असते, म्हणून त्या दिवशी धर्मा माझ्यात असतो आणि वाटेकडे बघत असतो. पण श्रावणाआधी सगळ्यांना मासळी हवी असते, त्यामुळे बायजा बाजारात अडकते. मला हाक मारता येत नाही. धर्मा मारत नाही.

बायजाला घारापुरीला काही मी आता नेऊ शकणार नाही. पण तिला घटकाभर पाण्यावर धरीन. तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी तेवढं धावत बेलापूरच्या बाजारात जा. सुमित्राबाईंना म्हणावं, आजची मासळी तुमची तुम्ही साफ करा. आणि बायजाला सांगा, टोपली आहे तिथंच ठेव आणि ये. धर्मा मचव्यात बसला आहे.