पडल्यानंतरची दोन मिनिटं

बाई भेटल्या की लोक सांगायचे, 'तुम्ही पडलात तेव्हा मी ढसाढसा रडले हो.' हे ऐकायला लागून त्यांना सव्वीस वर्षं झाली होती, आणि त्यावर काय बोलावं हे त्यांना अजून एकदाही सुचलं नव्हतं. औषधांच्या दुकानात सांगायचे, बँकेच्या रांगेत सांगायचे. दाताच्या डॉक्टरनं तर त्यांचा जबडा उघडा असताना, हातात गुरगुरणारं यंत्र धरून सांगितलं होतं. तेव्हा बाईंनी नुसतं 'आँ' केलं. डॉक्टरला वाटलं, बाई गहिवरल्या.

बाई एके काळी देशातल्या पहिल्या नंबरच्या स्केटर होत्या. पहिल्या म्हणजे खरोखर पहिल्या, तेही लागोपाठ दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी अंतिम फेरीत नाच अर्ध्यावर आला असताना एका उडीला बुटाचं पातं बर्फात अडकलं आणि त्या भरल्या स्टेडियमसमोर पोटावर आपटून पार कडेच्या फळीपर्यंत घसरत गेल्या. उठल्या, उरलेला नाच पुरा केला आणि सहाव्या आल्या. टीव्हीनं ते पडणं इतक्यांदा दाखवलं की लोकांच्या डोक्यातून ती दोन सुवर्णपदकं पार पुसून गेली. स्वतः बाईंनी मात्र ती चित्रफीत कधी पाहिली नव्हती. टीव्हीवर लागली की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि आधीच स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसायच्या.

आता त्या शहराच्या कडेला असलेल्या जुन्या रिंकवर मुलींना शिकवत होत्या. पहाटेची तुकडी, संध्याकाळची तुकडी, अंगात दोन स्वेटर आणि गळ्यात शिट्टी. घरी एक्क्याऐंशी वर्षांची आई होती. कान तिखट, जीभ त्याहून तिखट.

टीव्ही वाहिनीचा फोन आला तो मंगळवारी सकाळी, पहाटेची तुकडी सुटता सुटता.

"मॅडम, अभिनंदन!" पलीकडची बाई किणकिणली. "प्रेक्षकांच्या काळजाला हात घालणाऱ्या महिला स्केटर्स, असा आमचा कार्यक्रम आहे. लोकांची मतं मागवली होती. तुम्ही पहिल्या आलात!"

बाईंना क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

"कोणत्या वर्षासाठी?" त्यांनी विचारलं.

"अहो, ते पडलात ना, तेच!"

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तर आई शांतपणे म्हणाली, "मला ठाऊक आहे. मी नऊ मतं दिली."

"आई! अगं, नऊ?"

"दहावं घेईना फोन."

"आणि मी दोनदा पहिली आले, त्याला का नाही दिलंस?"

"त्याला कोण रडलं होतं?" आई म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. "छान केलंस तेव्हा. फार छान. मी शेजारणीशी बोलत होते, मध्येच टाळ्या वाजल्या, तेव्हा कळलं संपलं म्हणून. पडलीस तेव्हा मात्र माझा जीव असा गोळा झाला."

बाईंनी डबा आपटला. झाकण उडून फ्रिजखाली गेलं.

त्या संध्याकाळी रिंकवरही तेच. बाईंची सगळ्यात तयारीची मुलगी चौदा वर्षांची होती. गिरकीत तिचा वेग असा, की सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. उड्या बिनचूक, पाय लोखंडाचे. पण गेल्या स्पर्धेत कुणा परीक्षकानं तिच्या कागदावर लिहिलं होतं, 'मनाला भिडत नाही.' तेव्हापासून पोरीनं नवंच खूळ धरलं होतं. दर उडीनंतर छातीवर हात ठेवायचा, मान कलती करायची आणि भुवया अशा जुळवायच्या, जणू पोटात कळ आलीय.

"हात खाली!" बाई ओरडल्या.

"पण बाई, भावना..."

"ही भावना नाही, अपचन आहे. हात खाली!"

भिंगरी घसरत कडेला आली. गाल लाल, डोळे भरलेले. "मग तुम्हीच सांगा ना. लोक रडतात कशानं? तुम्हाला तर येतं. सगळे म्हणतात. तुम्ही पहिल्या आलात."

बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे उत्तर नाही. पाय कुठे ठेवायचा, गुडघा किती वाकवायचा, खांदा कधी वळवायचा, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. हे मात्र नाही. आणि ज्याचं उत्तर नाही अशा प्रश्नानं माणूस चिडतो, तशा त्या चिडल्या. "आधी उडी नीट कर," एवढंच म्हणाल्या. ती उडी नीटच होती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

घरी जाऊन त्यांनी वाहिनीला फोन लावला. "मी येईन. पण एका अटीवर. माझं दुसऱ्या सुवर्णपदकाचं सादरीकरण दाखवायचं. सगळं, चार मिनिटं. त्यात एकही चूक नाही. लोकांना एकदा कळू दे."

"मॅडम, ती टेप शोधावी लागेल..."

"मी येते शोधायला."

आणि खरंच गेल्या. वाहिनीच्या तळघरात छतापर्यंत मांडण्या होत्या, त्यांवर जुन्या टेपा, आणि त्यांचा राखणदार एक साठीचा गृहस्थ, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर घातलेला. त्यानं बाईंना ओळखलं. बाईंनी मनातल्या मनात एक-दोन-तीन मोजलं.

"तुम्ही पडलात तेव्हा..." तो म्हणाला.

"हो. रडलात. कळलं. मला आधीच्या वर्षीची टेप हवी."

त्याला वाईट वाटलं असावं. त्यानं टेप शोधली, यंत्रात घातली, बाईंना स्टूल दिलं.

पडद्यावर एकवीस वर्षांची मुलगी बर्फावर आली. निळा पोशाख, केस घट्ट बांधलेले. पहिली तिहेरी उडी, सुरेख. दुसरी, सुरेख. गिरकी अशी, जणू मधोमध खिळा ठोकलाय. बाई मान डोलावत राहिल्या. बघा म्हणावं. हे बघा की जरा!

दुसरं मिनिट सरत आलं तेव्हा बाईंना एक गोष्ट दिसली आणि मग तीच दिसत राहिली. दर उडी झाली की पडद्यावरच्या मुलीचे डोळे झटकन उजवीकडे जायचे. उजवीकडे परीक्षकांचं टेबल होतं. उडी, नजर. गिरकी, नजर. गृहपाठाची वही पुढे करून उभ्या राहिलेल्या पोरीसारखी. बाईंनी मोजलं, तर चार मिनिटांत अकरा वेळा. चेहऱ्यावरचं हसू सुरुवातीपासून शेवटपर्यंत जिथल्या तिथे, चिकटवल्यासारखं. आणि तिसऱ्या मिनिटाला शेजारी बसलेल्या टेपवाल्या काकांनी हळूच तोंडावर हात धरून जांभई दिली.

"माफ करा हं," ते ओशाळून म्हणाले. "फार बिनचूक आहे हो."

बाईंना त्यांचा राग आला नाही. आपल्यालाही जांभई येऊ घातली होती, याचा आला.

"दुसरी लावा," त्या म्हणाल्या.

"कोणती?"

"माहितेय तुम्हाला कोणती."

ती टेप मांडणीवर हाताशीच होती, वापरून वापरून कोपरे झिजलेली. पडण्यापर्यंतचं बाईंनी दात आवळून पाहिलं. पातं अडकलं, मुलगी आपटली, फळीशी जाऊन थांबली. "टीव्हीवर इथेच कापतात," काका म्हणाले. "इथून पुढे प्रेक्षकांतल्या कुणा रडणाऱ्या बाईचा चेहरा येतो."

पण टेप पुढे चालू राहिली.

मुलगी उठली. परीक्षकांकडे पाहिलंच नाही. जिथे पातं अडकलं होतं त्या बर्फाकडे तिनं असं पाहिलं, जसं कुणी दारात आडव्या पडलेल्या चपलेकडे पाहतं. तळव्यानं गुडघ्यावरचा बर्फ झटकला. अंबाडा सुटला होता, तो तसाच. हसू गेलं होतं, तोंड उघडं टाकून ती धापा टाकत होती. संगीत केव्हाच पुढे निघून गेलं होतं. कुणीही पळत जाऊन ते गाठलं असतं, बाई आपल्या मुलींना हेच शिकवायच्या. तिनं गाठलं नाही. एका पायावर पाठमोरी, मोठ्या वळणानं, अख्ख्या रिंकभर ती नुसती घसरत राहिली, काही न करता, आणि संगीतच वळसा घेऊन तिच्यापाशी आलं. मग तिनं उडी मारली. बुटकी, वेडीवाकडी उडी. खाली येताना दोन्ही हात पसरून कसंबसं सावरलं. त्या दोन मिनिटांत तिची नजर एकदाही कुणाकडे गेली नाही.

बाईंना त्यातलं काही आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त संताप. आता संपलंच आहे, एकदाचं उरकू दे, एवढाच विचार डोक्यात होता. दुःख नव्हतं, धैर्य नव्हतं, जिद्द तर मुळीच नव्हती. पण ते पाहताना त्यांचा गळा दाटून आला, आणि आपला गळा आपल्यामुळेच दाटून यावा याची त्यांना इतकी चीड आली की त्या स्टुलावरून उठल्या.

काका चष्मा पुसत होते.

"पुरे!" बाई म्हणाल्या. "तुम्ही रोज बघता वाटतं ही?"

"रोज नाही," काका म्हणाले. "वर्षातून एखाद्या वेळी. मुलीचं लग्न मोडलं होतं तेव्हा मात्र पुष्कळदा पाहिली."

बाईंनी पर्स उचलली. दारापाशी जाऊन परत वळल्या. "काका, त्या कार्यक्रमवाल्या बाईला पडल्यापासून पुढचं दाखवायला सांगा. आधीचं नको, पडणं नको. नंतरची दोन मिनिटं. आणि ती निळ्या पोशाखाची टेप राहू दे इथेच."

चित्रीकरणाच्या दिवशी त्यांनी हेच त्या किणकिणणाऱ्या बाईलाही सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं. मग दिवे लागले आणि तिनं विचारलं, "मॅडम, पडल्यावर तुमच्या मनात काय दाटून आलं?"

"राग."

"स्वतःचा?"

"सगळ्यांचा. बर्फाचा, बुटांचा, लोकांचा. मला घरी जायचं होतं."

"पण तरीही, कुठेतरी आत एक हार न मानणारी..."

"नाही हो. नव्हती. दोन वर्षं मी टेबलाकडे बघत स्केटिंग केलं. त्या दिवशी टेबलाकडे बघण्यात काही राम उरला नव्हता, म्हणून बघितलं नाही. एवढंच झालं. तुम्ही ते नंतरचं दाखवाल तर लोकांना दिसेल."

कार्यक्रम रविवारी दुपारी लागला. आईनं खुर्ची टीव्हीच्या अगदी समोर ओढली. पडणं दाखवलं. मग हळू गतीनं पुन्हा पडणं. मागे व्हायोलिन. मग प्रेक्षकांतली ती रडणारी बाई, काकांनी सांगितलेली. बाईंच्या मुलाखतीतलं एकच वाक्य ठेवलं होतं: "मला घरी जायचं होतं." त्यावर व्हायोलिन आणखी चढलं, पुढे बाईंचे नुसते ओठ हलत राहिले. नंतरच्या दोन मिनिटांतलं एक चित्रही नाही.

आई पदरानं डोळे पुसत होती.

"आई, अगं ते सगळं कापलंय. खरं ते दाखवलंच नाही!"

"हो का?" आई नाक ओढत म्हणाली. "पण मी तिथेच होते की. मला आठवतंय सगळं. तू उठलीस आणि अशी काही निघालीस, जशी भांडून माहेरी निघालीस."

बाई ओट्याकडे निघाल्या होत्या, त्या थांबल्या. सव्वीस वर्षांत आईनं हे कधी सांगितलं नव्हतं. विचारलं कुणी होतं म्हणा.

सोमवारी पहाटे रिंकवर पोचल्या तर धाकट्या गटातल्या चार मुली एका ओळीत उभ्या होत्या. एकेक जण पुढे यायची, अलगद गुडघ्यावर टेकायची, एक हात पुढे टाकून पोटावर घसरायची आणि मग मान वर करून थरथरत उठायची. बाकीच्या तिघी टाळ्या वाजवत होत्या.

"काय चाललंय?" बाईंचा आवाज छतापर्यंत गेला.

"पडायची प्रॅक्टिस, बाई," सगळ्यात लहान होती ती म्हणाली. "बरोबर येतंय का?"

बाईंनी शिट्टी तोंडाशी नेली, वाजवली नाही, खाली सोडली. संताप पायापासून वर चढत होता. त्या काही बोलणार, तेवढ्यात मागून भिंगरी आली. तिनं कार्यक्रम पाहिला होता, पण मुलींकडे लक्ष न देता ती सरळ बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही टेबलाचं काहीतरी बोललात का मुलाखतीत? तुमचे ओठ हलताना दिसले, आवाज कापला होता. मी तीनदा पाहिलं. टेबल म्हणालात ना?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. "टेबल म्हणाले. उडी झाली की तू कुठे बघतेस?"

भिंगरीनं विचार केला. मग तिचा चेहरा हळूहळू पडला.

"मग कुठे बघू?"

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या, आणि एवढं बोलायलाही त्यांना जड गेलं. "मला शिकवता येणार नाही ते. मलाच एकदा जमलं, तेही चुकून. जा, सुरू कर. आणि तुम्ही चौघी, उठा त्या बर्फावरून! सर्दी होईल!"

भिंगरी गेली. पहिल्या उडीनंतर तिची नजर उजवीकडे गेली, जिथे टेबलही नव्हतं. दुसऱ्या उडीनंतरही गेली. तिसऱ्या वेळी तिनं मान आवरली, त्या नादात तोल गेला आणि ती दाणकन आपटली. चारही मुलींनी श्वास रोखला. भिंगरी उठली, कोपर चोळत तणतणली, "छे! काय कटकट आहे!" आणि पुन्हा सुरुवातीच्या जागी निघाली.

बाई स्वेटरची बटणं लावत कडेला उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली नाही.