बर्फाचे हातमोजे

"कुलसुम, हात गरम ठेव बेटा. थंड्या हाताखाली काच रुसते."

अम्मीचा हा आवाज अकोल्याच्या गल्लीतला, पन्नास वर्षांपूर्वीचा. बांगड्यांची टोपली उचलायच्या आधी अम्मी चुलीपुढे तळवे धरायची, एकमेकांवर घासायची आणि मगच उंबरा ओलांडायची. गिऱ्हाईक बाईचा हात हाती घेतला की आधी त्याला ऊब द्यायची, मळलेल्या कणकेसारखा मऊ करायचा, अंगठ्याखालचं हाड हलकेच आत दाबायचं, आणि बोलता बोलता बांगडी मनगटावर नेऊन सोडायची. काच तुटायच्या आधी किंचित थरथरते. ती थरथर डोळ्याला दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही. ती बोटांच्या टोकांनाच कळते. मणिहारणीची सगळी शाळा त्या टोकांत असते.

आणि आता अमरावतीच्या दवाखान्यात रागिणी सिस्टर नेमक्या त्याच टोकांना बर्फ बांधायला निघाली होती.

कुलसुमबीची छातीची गाठ अकोल्यातच काढली, माहेरी राहून. पुढची औषधं अमरावतीला, घराजवळ. दर आठवड्याला एक बाटली, अशा बारा. गळ्याखाली बसवलेल्या नळीतून औषध थेंब थेंब उतरायचं आणि ते उतरेपर्यंत हात घालून बसायला सिस्टर फ्रीजरमधून जाडजूड निळे हातमोजे काढून आणायची. आत गोठलेलं काहीतरी, हाताला दगडासारखं लागणारं.

"हे कायले?" पहिल्याच दिवशी कुलसुमबीनं हात पदराखाली ओढून घेतले.

"मावशी, या औषधानं बोटांच्या नसा बधिर होतात. थंडीनं तिथलं रक्त कमी होते, म्हंजे औषध बी तिथं कमी पोचते. पक्की हमी कोनी देत नाई. पन बऱ्याच बायांले फायदा होते."

"औषध कमी पोचते? मंग बिमारी काहाची बरी होईन?"

"बिमारी बोटात हाये का तुमच्या?" सिस्टर हसली.

कुलसुमबी हसली नाही. हसून सांगणाऱ्या माणसाचा तिला आधीच भरवसा नव्हता. त्यात हे फुकट. फुकटच्या गोष्टीला शेपूट कुठं आहे ते आधी शोधावं, अशी ती बाई.

बाकीचं तिनं ऐकलं. उलटीची गोळी जेवणाआधी घ्यायची, ती घेतली. तोंड आलं तर मीठ आणि खायचा सोडा टाकून कोमट पाण्याच्या गुळण्या, त्या केल्या. मीठ आपल्याच घरचं. मळमळलं की आल्याचा तुकडा चघळायचा, मनगटाच्या आतल्या बाजूनं तीन बोटं सोडून अंगठ्यानं दाबत बसायचं, तेही केलं. दाबण्यातलं तिला सिस्टरपेक्षा जास्त कळत होतं. फक्त बर्फ नको. हात तिचे होते.

शिवाय सिस्टरकडे तो कागद होता. दर खेपेला ती विचारायची, "मुंग्या येतात? शर्टाचं बटन लागते? झुनझुन किती, शून्य ते दहा?" आणि लिहून घ्यायची.

कागद भरणारी माणसं कुलसुमबीनं पुष्कळ पाहिली होती. शेतकरी विष घेऊन मरत होते त्या वर्षांत वऱ्हाडातल्या गावोगावी ती यायची, गाड्यांतून, गळ्यात ओळखपत्रं घालून. ज्या मनगटांत कुलसुमबीनं दोन वर्षांपूर्वी हिरवा चुडा भरलेला, तीच मनगटं उघडी होऊन ओट्यावर बसलेली असायची आणि समोर कुणीतरी विचारत असायचं, घरात किती माणसं, किती एकर, कधी झालं. बाया उत्तरं द्यायच्या, अंगठे उठवायच्या. गाडी धुरळा उडवत जायची. ज्या घरचा कागद भरला त्या घरचं काही नीट झालेलं कुलसुमबीनं काही पाहिलं नाही. म्हणून सिस्टरनं विचारलं, की ती म्हणायची, "शून्य."

आणि सिस्टरची पाठ फिरली, की ती शालीखाली हात मोज्यांतून सोडवायची, मांडीखाली धरून गरम करायची. पावलांचा आवाज आला की परत आत. बाई चोरी करायला शिकली ती साठीत.

शेजारच्या खाटेवर गोदाबाई असायची, तिवशाकडची. घरी काळी कसदार जमीन आणि त्या साली तिच्यात सगळी पऱ्हाटी बोंडअळीनं पोखरलेली. गोदाबाई मात्र मोज्यांत हात घालून देवळात बसल्यासारखी बसायची आणि तोंडानं अख्ख्या वार्डाला कामाला लावायची.

"अवं कुलसुमबी, थंडीच्या दिवसात बर्फ आन् उन्हाळ्यात ऊन फुकट भेटते. घे ना!"

"तूच घे माह्या वाटचा."

"मले तं वाटते, मी आता कुल्फी झाली. काडी लावा आन् इका मले चौकात."

कुलसुमबीला तिच्यावरही शंका होती. एवढी थंडी सोसून माणूस हसतं कसं? दवाखान्याचीच तर माणूस नसेल, बाकीच्यांना पटवायला बसवलेली?

सहाव्या बाटलीनंतर एका बाईचं औषध कमी केलं. बोटं फार बधिर झाली म्हणून, असं बाहेरच्या बाकावर बोललं गेलं. पुढच्या आठवड्यात ती बाई आलीच नाही.

"लेकीकडं नागपूरले गेली ते," गोदाबाई म्हणाली. "तिथंच घेते आता औषध."

नागपूर! माणूस गेलं की त्याच्यासाठी काहीतरी गाव सांगावंच लागतं. कुलसुमबीनं मनात गाठ मारली: बोटांचं सांगितलं की औषध कमी, औषध कमी की माणूस कमी.

आणि नेमकं तेव्हापासून तिची बोटं जायला लागली. आधी टोकांत वाळू भरल्यासारखं झालं. मग वाळूही कळेना. घरी भात कालवताना तो गरम की गार ते तिला वाफेवरून ओळखावं लागायचं. सून अनीसा हळूच तिच्या पोलक्याची बटणं लावून द्यायची आणि काही विचारायची नाही. न विचारणाऱ्या सुनेवर तर कुलसुमबीचा सगळ्यात जास्त संशय. आपल्या बांगड्यांच्या दुकानात एका दुपारी तीन बांगड्या हातून निसटल्या. "माल कच्चा आला," ती म्हणाली. रात्री पडल्या पडल्या हिशोब जुळवला: हे त्या बर्फाचंच काम. हात काढेपर्यंत जी दोन-चार मिनिटं मोज्यांत जात होती, तेवढ्यानंच केलं. सिस्टरनं बरोबर माझ्या पोटापाण्याचीच जागा हेरली.

पण सांगायचं कुणाला? सांगितलं तर औषध जाईल. नाही सांगितलं तर बोटं जातील. बोटं गेलेली मणिहारीण म्हणजे बिनदोराची सुई. तिनं दोन्ही भीती पदरात बांधल्या आणि सिस्टरला शून्यच सांगत राहिली.

नवव्या बाटलीच्या दिवशी गोदाबाई वऱ्हांड्यात तिची वाटच पाहत होती.

"माह्या भाचीचं लगन हाये परवा. सांगतल्या होत्या त्या चुड्या आनल्या का?"

कुलसुमबीनं आणल्या होत्या. हिरव्या, बारीक, सोनेरी ठिपक्यांच्या. नाही म्हणायला कारण सापडलं नव्हतं.

"डाव्या अंगाचं आपरेशन झालं, त्या हातात भरू नोको म्हनते सिस्टर, सूज येते. उजव्यात भर. सहाच भर, पन तुह्या हातानं भर." गोदाबाईनं हात पुढं केला आणि तिच्या सवयीप्रमाणं गुणगुणायला लागली:

"हिरवा चुडा भरू दे वं,
पुढं केला माहा हात,
मणिहारीन बाईच्या
माया वसते बोटात."

कुलसुमबीनं तो हात घेतला. उबदार होता की थंड, तिला कळलं नाही. मऊ झाला की नाही, कळलं नाही. चाळीस वर्षांच्या सवयीनं हात आपले आपण चालत होते, आंधळा बैल ओळखीच्या वाटेनं चालावा तसे. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी, चौथी. गोदाबाई ओवीत रमलेली. पाचवी बांगडी हाडाशी अडली. इथं थांबायचं असतं. इथं बोटं सांगतात, थांब. बोटं काही बोलली नाहीत. कुलसुमबीनं दाबलं.

कट्.

गोदाबाईच्या तळहाताच्या कडेवर लाल रेघ उमटली आणि थेंब होऊन मनगटाकडं निघाली.

"वाढली वाटते," गोदाबाई म्हणाली. बांगडी फुटली असं बाई तोंडानं म्हणत नाही. मग तिची नजर कुलसुमबीच्या हाताकडं गेली आणि तिथंच राहिली. "अवं... तुह्या बोटात काच घुसून हाये."

कुलसुमबीनं पाहिलं. अंगठ्याशेजारच्या बोटात हिरवा तुकडा उभा होता, मुळाशी रक्त. दुसऱ्या कुणाचं तरी बोट पाहावं तसं तिनं ते पाहिलं.

"दुखत नाई?"

कुलसुमबीनं बोट मागं ओढलं.

गोदाबाईनं वर पाहिलं. तिच्या तोंडावरचं हसू गेलं, आणि आपल्या बधिर बोटांचं तिला कळलं, हे कुलसुमबीनं ओळखलं. आता ही सांगणार. सरळ जाऊन सांगणार. कुलसुमबीनं काच उपटली, बोट पदरात गुंडाळलं.

रागिणी सिस्टर आली ती गोदाबाईचा हात पाहूनच धावत आली. "हे काय केलं? तुमच्या पांढऱ्या पेशी मागच्या हप्त्यात किती खाली होत्या, ठाऊक हाये ना? साधी जखम बी चिघळते अशात. कोनं भरल्या चुड्या?"

"मीच," गोदाबाई म्हणाली. "मीच भरत होती. डाव्या हातानं. हावरटावानी."

"अन् डाव्या हातावर जोर देऊ नका म्हनलं तं?"

"चुकलं बाप्पा. मार मले."

सिस्टरनं जखम धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली. तोंड गंभीर. "आज डॉक्टरले दाखवल्याबिगर तुमची बाटली लागनार नाई. ताप आला तं घरी बसू नका, रातोरात या. समजलं? लग्नाच्या गर्दीतबी जाऊ नका आता."

लग्नात जायचं नाही, हे ऐकून गोदाबाईचा चेहरा पडला. तरी तिनं कुलसुमबीकडं बघितलं नाही. एकदाही नाही.

काहून? कुलसुमबीच्या मनानं सवयीनं शेपूट शोधायला घेतलं. ही माझ्यासाठी खोटं काहून बोलून राहिली? हिला काय पायजे? तिनं खूप शोधलं. दवाखान्याची माणूस म्हणावी, तर दवाखान्यालाच फसवत होती. काही मागायचं असेल, तर मागायला तिनं मान तरी वळवली असती. पट्टीचा हात मांडीवर ठेवून गोदाबाई बसली होती, उरलेल्या चार बांगड्या एकीकडून दुसरीकडं सरकवत, एक एक, बोटांच्या टोकांनी. तिला त्या कळत होत्या. आठ बाटल्या हिच्याही अंगात गेल्या होत्या, आणि हिला काचेवरचे ठिपकेसुद्धा कळत होते.

आणि हिनं मोज्यांतून हात एकदाही बाहेर काढला नव्हता.

आत खाटेवर सिस्टरनं बाटली टांगली, निळे मोजे आणून ठेवले आणि कागद काढला. "बोला मावशी. मुंग्या? शून्यच ना?" ती लिहायलाही लागली होती. शेजारची खाट रिकामी होती. गोदाबाई अजून बाहेर डॉक्टरांची वाट बघत होती.

"थांब बेटी," कुलसुमबी म्हणाली.

सिस्टर थांबली. कुलसुमबीनं पदर सोडून ते बोट तिच्यापुढं धरलं. रक्त अजून ओलं होतं.

"तो शून्य खोड. दोन हप्ते झाले, या बोटांले काहीच समजून नाई राहिलं. गरम नाई, थंड नाई, काच बी नाई. तुह्या मोज्यांत मी हात ठेवतच नव्हती. तू पाठ फिरवली का काढून घेत होती, शालीखाली. दर बारी. मले वाटे, तू माहे हात खराब करून राहिली. सांगतलं तं औषध बंद करसान, असं भेव लागलं होतं मले, म्हनून शून्य शून्य म्हनत गेली. आन् गोदाबाई खोटं बोलली तुह्याशी. तिचा हात मी कापला, सिस्टर. मीच कापला. जाय, आधी डॉक्टरले तिचं सांग, मंग माहं."