कोमट अंड्याची साक्ष

एसेनबाय मांत्रिकाने सकाळपासून चार अंडी उतरवून फोडली आणि चारहीतून काळे केस निघाले. पहिला गुडघेदुखीचा, दुसरा जावेच्या नजरेचा, तिसरा आटलेल्या गाईचा. चौथा कशाचा ते त्यालाही सांगता येईना, म्हणून तो ‘किरकोळ’ ठरला. उल्कानच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीतून गाढवानेसुद्धा मान आत घातली होती.

पाचवी पाळी उल्कानच्या थोरल्या लेकीची. कानिशाय चोवीस वर्षांची. तिला डाउन सिंड्रोम होता. शिवाय नऊ कोंबड्या होत्या. उद्या धाकट्या भावाच्या सोयरिकीला मुलीकडची माणसं येणार होती आणि आत्याने फर्मान काढलं होतं, “बरी झाली तर चहा ओतेल. नाहीतर मागच्या खोलीत, दार लावून.”

कानिशायला चहा ओतायचाच होता. पाहुण्याला अर्धा प्याला, म्हणजे तो पुन्हा मागतो, बसून राहतो. काठोकाठ प्याला म्हणजे ‘निघा आता’. अख्ख्या गावात तिच्याइतकं हे माप कुणाला जमत नसे.

“घरचंच अंडं हवं!” एसेनबाय गरजला.

तिने कोंबडीखालून नुकतंच घातलेलं अंडं आणून दिलं. त्याने लांबलचक बाह्या हलवल्या, डोळे पांढरे केले.

“नीघ! जिभेवरून नीघ, डोळ्यांतून नीघ! सात डोंगर ओलांड, आणि जाताना दार लावून घे!”

अंडं कपाळाला टेकलं.

“थंड आहे,” कानिशाय म्हणाली.

“सैतान थंडच असतो, पोरी.”

“सैतान नाही, अंडं. माझं कोमट होतं.”

“गप गं!” आत्या ओरडली. “तुला काय कळतंय?”

“आत्या, तू कोंबडीखाली हात घाल. तुलापण कळेल.”

गर्दी फिसकन हसली. तेवढ्यात कानिशायचा हात मांत्रिकाच्या डाव्या बाहीत गेला.

“थंड... हेपण थंड... हे माझं!”

तिने अंडं आईच्या गालाला लावलं. कोमट होतं. उल्कानने एसेनबायकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता.

दवाखान्यातली नर्स बेरमेत पुढे आली. तिने थंड अंडं उजेडात धरून टोक नखाने खरवडलं. मेण निघालं, खाली सुईचं भोक.

“भोक पाडायचं, घोड्याच्या शेपटीचा केस सारायचा, मेण लावायचं, मग बाहीत अदलाबदल. झाला चमत्कार!”

“मग माझ्या पोरीतलं ते काढायचं कसं?” उल्कानने विचारलं.

“काढायचं काय, उल्कान-एजे, ताई? तिच्या पेशींत जन्मापासून एक गुणसूत्र जास्त आहे. तो शाप नाही, कुणाची नजर नाही, अंड्यात उतरणारं तर मुळीच नाही. कान, छाती तपासायला माझ्याकडे आणा. शिकायला जरा वेळ द्या, काम द्या, आणि दार उघडं ठेवा. आणि बाकीच्यांनो, अंडं हातात घेऊन बघायला काय झालं होतं? एवढ्या गर्दीत पारख केली ती एकटीने, आणि बरं करायला आणलं होतं तिलाच!”

एसेनबाय अंगरखा सावरत उठला. कानिशायने त्याच्यापुढे प्याला धरला. काठोकाठ.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. “ही माझी थोरली,” उल्कान म्हणाली. कानिशायने सगळ्यांना अर्धा-अर्धा प्याला दिला. माणसं संध्याकाळपर्यंत हलली नाहीत.

आत्याची पाळी आली तेव्हा मात्र कानिशाय जरा थांबली. विचार केला.

पाऊण भरला.