आत्यांनी सोडलेले पाच जिन्नस

"सून जगाची कातडी चमकवती, आणि घरात सासूची कातडी सोलून निघालीया!"

शेजारच्या यल्लव्वाने हे वाक्य नळावर चार बायकांदेखत, मला नेमकं ऐकू जाईल अशा बेताने टाकलं. हातातली बादली तिच्या डोक्यावर उपडी करायची फार इच्छा झाली. केली नाही, कारण बाई खोटं बोलत नव्हती.

मी जयनगरच्या एका स्किन क्लिनिकमध्ये काउंटरवर बसते. गोरं होण्याच्या सलाइनपासून तोंडाला लावायच्या सीरमपर्यंत सगळं विकते. सगळ्यात जास्त खपतं ते नियासिनामाइडचं सीरम. "व्हिटॅमिन बी-थ्री आहे मॅडम, त्वचेला ताकद येते," हे मी दिवसभर कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत म्हणत असते. आणि इकडे चामराजपेटेतल्या आमच्या घरात माझ्या सासूबाईंचे, गंगव्वांचे, हात मनगटापर्यंत काळे पडले होते. आम्ही निपाणीकडचे, आमच्यात सासूला आत्या म्हणतात. आधी आत्यांचे हात काळवंडले, मग भेगा पडल्या, मग पापुद्रे निघायला लागले. पावलांचं तेच. गळ्याभोवती तर काळा पट्टा उमटला होता, चोळीच्या वर जेवढं ऊन लागतं तेवढ्याच जागेवर.

मी आधी उन्हाला दोष दिला, मग भांड्यांच्या पावडरीला. स्टाफला सवलतीत मिळतं ते सीरम आणून रोज त्यांच्या हातांना चोळलं. "झोंबतंय गं, पण लाव," म्हणून त्या मुकाट हात पुढे करायच्या. नंतर त्यांची जीभ लाल झाली, पोट सारखं बिघडायला लागलं, स्वभाव इतका चिडका झाला की दूधवाल्या अण्णाने नाव टाकलं. एक दिवस जिन्यात चक्कर येऊन बसल्या, तेव्हा मी रजा टाकून त्यांना सरकारी हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टर सुप्रीता वयाने लहान, पण नजरेने तिखट होत्या. त्यांनी हात बघितले, गळा बघितला, जीभ काढायला लावली आणि कन्नडमध्ये विचारलं, "अज्जी, रोज काय जेवता?"

"समदं खाते की."

"काल काय खाल्लं?"

"जोंधळ्याची भाकरी."

"कशाबरोबर?"

"चटणीसंगं."

"परवा?"

आत्यांनी हात पदराखाली घेतले. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "घरात डाळ शिजत नाही का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज पहाटे उठून आमटी, पालेभाजी, दही सगळं करून, डबे भरून मग मी बस पकडते. पण आत्या जेवतात सगळ्यांच्या मागून, एकट्या. तशी त्यांची रीतच आहे, आणि मागून जेवणाऱ्या बाईच्या ताटात कुणी डोकावत नाही. कोरा चहा पितात ते दुधाने गॅस होतो म्हणून, असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि आम्ही ते ऐकून सोडून दिलं.

"याला पेलाग्रा म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "अंगात बी-थ्री कमी पडलं की जिथे ऊन लागतं तिथली कातडी आधी जाते. मग पोट बिघडतं, मग डोकं. तिथपर्यंत गेलं तर जिवावर बेततं. ज्वारी वाईट नाही, पण नुसत्या ज्वारीवर माणूस राहत नाही. शेंगा, डाळ, दूध, मटण यांतून जे मिळतं तेच या गोळ्यांत आहे. सुरू करा, आठवड्यात फरक दिसेल."

बी-थ्री! पोटात जायला हवं होतं ते मी वरून चोळत बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही स्टाफ डिस्काउंटमध्ये.

घरी येऊन मी गोळी आणि पाणी पुढे धरलं. आत्यांनी तोंड फिरवलं.

"डॉक्टरीण काय म्हनली? शेंगात हाय तेच गोळीत हाय. मग गोळी गिळली म्हंजे शेंगा खाल्ल्यागत न्हाई व्हय? देवी काय खुळी हाय?"

"कुठली देवी?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. गेल्या वर्षी चिंचलीच्या जत्रेत आत्यांनी मायाक्कापुढे पाच जिन्नस सोडले होते: दूध-दही, डाळ, शेंगा, पालेभाजी आणि मटण. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत शिवायचं नाही. त्यांच्या वाटणीची आमटी रोज दुपारी वाटीतून यल्लव्वाकडे जात होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा! माझ्या हातची आमटी ओरपून तीच बाई नळावर माझी लाज काढत होती.

"पण असं का केलंत, आत्या?"

"अभ्याला इचारलं मी, पोर का हुईना म्हणून. म्हनला, देवाच्या हातात हाय, अव्वा. मग म्हटलं, देवाच्या हातात हाय तर देवाकडंच मागूया."

मी तिथून उठले. आणखी क्षणभर बसले असते तर ओरडले असते, आणि ज्याच्यावर ओरडायचं तो अजून येलहंकाच्या ऑफिसातून यायचा होता.

अभिजीत, माझा नवरा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तो म्हणाला होता की त्याला मूल नको. मी भांडले, रडले, विचार केला, आणि शेवटी मलाही पटलं. आज मला विचाराल तर मलाही नको आहे, त्यात लपवायचं काही नाही. पण तेव्हा तो म्हणाला होता, "अव्वाला मी सांगतो, तू मध्ये पडू नकोस." मी पडले नाही. प्रत्येक हळदीकुंकवाला लोकांच्या नजरा माझ्या पोटावर फिरत राहिल्या, आणि हा गृहस्थ आईला देवाचं नाव सांगून मोकळा झाला होता.

संध्याकाळी तो आला तसं त्याला गच्चीवर नेलं आणि सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. आईवर त्याचा जीव आहे, हे मी नाकारत नाही. कठड्याला टेकून तो म्हणाला, "एक करू या. तिला सांग, तुला दिवस गेलेत. ती जेवायला लागेल, गोळ्या घेईल. बरी झाली की मग सांगू, पडलं म्हणून."

हा माणूस वाईट नाही, व्यसनी नाही, बायकोवर हात टाकणारा नाही. आणि किती सहज बोलला! खोटं पोट माझं, खोटं पडणं माझं, त्यावर रडणार त्याची आई, आणि ह्याला आईसमोर एक वाक्य बोलायचं नव्हतं.

"पवी, दुसरा काही मार्ग आहे का? तूच सांग."

"आहे. खाली चल. आईसमोर उभा राहा, आणि देवाला मध्ये न घेता बोल."

"तिला धक्का बसेल गं."

"तिची कातडी सोलून निघालीय, अभिजीत! अजून कसला धक्का बसायचाय? आत्ताच्या आत्ता खाली चल, नाहीतर मी चार बायकांना गोळा करून नळावर सांगते, कोणाला काय नको आहे ते."

तो खाली आला. आत्या दिव्याला तेल घालत होत्या. तो दारातच उभा राहिला आणि शाळेत मार खायला आल्यासारखा बोलू लागला.

"अव्वा, स्वल्प ऐकून घे. मूल होत नाही असं नाही. मला नकोय. आता पवित्रालाही नकोय, पण आधी मला नको होतं."

"कवापास्नं?"

"लग्न झालं त्या वर्षापासून."

आत्यांनी तेलाची बाटली खाली ठेवली. "मग देवाच्या हातात हाय असं कशाला म्हनलास?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

त्यांनी स्वतःचे काळे हात दिव्यापुढे धरून बघितले. मग म्हणाल्या, "म्हंजे मायाक्काकडं न्हवतंच ते. तुझ्याकडं हुतं. ती बिचारी बघत असंल, ही बया कशापायी माझ्या दारात उपाशी बसलीया. देवाचं नाव घिऊन माझ्या तोंडचा घास काढलास की रे, अभ्या."

अभिजीत रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. आत्यांनाही आली नसावी, कारण त्या माझ्याकडे वळल्या.

"तू बी काय कमी न्हाईस. नातवंड नको म्हनं! तुझ्यासंगं मागनं भांडते. आत्ता अंगात ताकद न्हाई." मग लेकाकडे बघून म्हणाल्या, "आमटी गरम कर."

तो स्वयंपाकघरात गेला. भांडी पडल्याचे आवाज आले. आमटी कुठल्या पातेल्यात आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. आत्या ताट घेऊन घराच्या मधोमध बसल्या. त्यांना सगळ्यांच्या आधी जेवायला बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी गोळी मागून घेतली, गिळली, आणि आमटीत भाकरी कुस्करून पहिला घास घेतला. जीभ सोललेली, आमटी तिखट. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"आत्या, थोडं दही घालू का?"

"नको. झोंबू दे."

त्यांनी वाटी संपवली आणि पुढे केली. अभिजीत हातात पळी घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी उठून पळी हातात घेईन म्हणून. मी जागची हलले नाही.

"तिच्याकडं काय बघतोस?" आत्या म्हणाल्या. "वाढ."