मांडवातली गांधील आणि सखूबाईचा धवला

आमच्या आगरी लग्नात भटजी असतो, नाही असं नाही. पण लग्न लावते ती धवलारीण. हळदीपासून ती धवला गाते, देवांना बोलावते, नवरा-नवरीची नावं गाण्यात गुंफते. भटजी उरलंसुरलं उरकतो. आमच्या, एक्सप्रेसवेला लागून असलेल्या कोन गावची धवलारीण सखूबाई. माझ्या भाचीची, दिपिकाची हळद ठरवताना आधी सखूबाईचा होकार घेतला आणि मग नवऱ्याकडच्यांना कळवलं. क्रम तोच बरोबर.

हळदीच्या दिवशी पहाटे माझा मेव्हणा, दिपिकाचा बाप भगवान मित्रांसह उंबराची फांदी आणायला गेला. ती मांडवात रोवली की देव झाली. लग्न लागेपर्यंत जागची हलवायची नाही. भगवानने चांगली दाट पाहून तोडली आणि बँड लावून आणली. पानाआड तळहाताएवढं, कागदी छत्रीसारखं पोळं लटकत होतं, हे कुणी पाहिलं नाही. पोळ्यावरच्या माश्या गारठ्याने आखडल्या होत्या, त्यांनीही बँड मुकाट्याने ऐकून घेतला.

मग मांडवात ऊन आलं. सखूबाई हळदकुंकू लावायला वाकली आणि माशी तिच्या वरच्या ओठावर डसली. सखूबाईने तिला झटकलं, तर तीच उलटून खालच्या ओठावर डसली.

"मधमाशी हाय!" भगवान लगेच म्हणाला. "मांडवात मध आला. शकुन हाय, शकुन!"

"काका, शकुन नंतर बघू," दिपिकाचा चुलतभाऊ निनाद बँकेचं कार्ड घेऊन पुढे झाला. त्या कार्डाने काटा खरवडून काढायचा असतो म्हणे. त्याने सखूबाईचा ओठ निरखला. "काटा नाहीये. मधमाशीच्या नांगीला उलटे दाते असतात. ती आपल्या कातडीत अडकते, विषाच्या थैलीसकट तुटते आणि माशी मरते. ही तर दोनदा डसून परत घरी गेली. गांधीलमाशी आहे. हिची नांगी सुईसारखी गुळगुळीत. टोचायची, काढायची, पुन्हा टोचायची."

"आणि ती मोठी असते ती?" मी विचारलं. "काळी, कमरेला पिवळा पट्टा?"

"तीही गांधीलच, मामा. थोरल्या घरातली. हॉर्नेट म्हणतात तिला. विष भरपूर आणि या धाकट्यांच्या पोळ्यांवर धाड घालून पिल्लं पळवते."

"म्हंजे भावकी," भगवान म्हणाला. त्याला विषय पूर्ण समजला होता.

फांदी बाहेर काढता येईना, पोळं जाळता येईना. देवाच्या अंगाला आग कोण लावणार? शेवटी कुणीतरी लांब काठीने फांदीवर मच्छरदाणी चढवली. देवाला मच्छरदाणी लावणारं तालुक्यातलं पहिलं गाव आमचं.

सखूबाईचा श्वास ठीक होता, चक्कर नव्हती. निनाद दर थोड्या वेळाने विचारून खात्री करत होता आणि बर्फ लावत होता. पण ओठ वांग्यांसारखे टरारले. ओठ मिटेनात, त्यामुळे प, फ, ब, भ, म उमटेनात. धवल्यात उंबर, मांडव, पाट आणि पुढे नवरी दिपिका, नवरा प्रितम. गाण्याचं निम्मं सामान त्या पाच अक्षरांत.

दिपिकाचा भाऊ हृतिक हळूच म्हणाला, "आजी, तू बस आराम करत. मोबाईलवर धवला हाय माझ्याकडं. डीजेवर लावतो."

सखूबाईने बर्फ खाली ठेवला. पुढचं तिचं बोलणं मी देतोय त्यातली ओठांची अक्षरं माझ्या पदरची आहेत.

"तुज्या मोबाइलातली बाय कुटली?"

"माईत नाय, आजी."

"तिला आपली पोर माईत हाय? ती ज्याचं नाव घेल त्याच्याशीच लगीन लागल. मंग शोधत बसा जावई!"

"पन तुला दुखतंय ना..."

"मी काय मधमाशी हाय, एकदा डसून मरायला?" आणि तिने पदर खोचला.

तिने सूर लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. सूर तोच, खणखणीत. शब्द मात्र भलतेच: "आंडवी उंहर रोविला..." भगवानची आई काळजीने पुढे सरकली आणि राहिलेला 'मांडव' तिने भरला. पुढच्या 'पाटा'ला शेजारणी धावल्या. इतकी वर्षं आमच्या बायका धवल्याच्या वेळी नुसत्या टाळ्या वाजवत बसायच्या. गायला सखूबाई आहे ना! आता प्रत्येकजणी कान टवकारून, कुठे 'म' गळतो, कुठे 'ब', याच्यावर टपलेली. एकीने 'पाट' बेसूर भरला, तर सखूबाईने गाता गाताच तिच्याकडे असं पाहिलं की तिने तो परत, नीट भरला.

मग नवऱ्याचं नाव आलं. "ह्रितन" म्हणून सखूबाई थांबली. बायकाही थांबल्या. हे नाव आपण कसं भरायचं? सखूबाईने पाटावरच्या दिपिकाकडे बोट केलं.

दिपिका लाजून पुटपुटली, "प्रितम."

सखूबाईने नाही अशी मान हलवली. पुन्हा तेच बोट. हृतिकने डीजेवाल्याकडचा माईक पुढे केला. सखूबाईने तो हाताने बाजूला सारला.

दिपिकाने श्वास भरून घेतला. हळदीने माखलेला चेहरा वर केला आणि धवल्याच्याच सुरात, एक्सप्रेसवेवरच्या ट्रकांना कळावं इतक्या मोठ्याने नाव घेतलं, "प्रितम!"

"माझी पोर हाय ती," भगवान मला म्हणाला. जसा काही मी मामा नव्हतोच.

सखूबाईने मान डोलावली आणि सुजल्या ओठांनी पुढची ओळ घेतली. यावेळी सगळा मांडव तिच्याबरोबर निघाला.