पुडीकाकांचं पिवळं टोपण

बाबांनी शर्टाची सगळी बटणं लावली आणि पुडीकाकांच्या दिवाणखान्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. नागीण बरी झाली तरी बाबांच्या बरगडीतली आग विझली नव्हती. अंगाला कापड लागलं की हा पट्टीचा शिंपी कळवळायचा.

"बघितलंत? माझ्या पुडीचा गुण!" काका गरजले. "डॉक्टरनं याला फिटचं औषध दिलं होतं. दुखणं बरगडीत, इलाज डोक्यावर!"

हशा पिकला. काकांची अट एकच, डॉक्टरांची औषधं आधी त्यांच्याकडे जमा करायची. विष म्हणे घरात नको. बाबांनीही कॅप्सूलची न फोडलेली पाकिटं देऊन टाकली होती. मला हे पटत नव्हतं, पण लहानपणापासूनच्या मित्राविरुद्ध बाबा अवाक्षर ऐकून घेत नसत.

पुढे बाबा मशीनवर पेंगू लागले, झोकांड्या खाऊ लागले. "आजार बाहेर पडतोय," म्हणत काकांनी पूड वाढवली. मग काका परगावी गेले, पुड्या संपल्या, आणि दोन-तीन दिवसांत काकांसाठीच कोट बेतता बेतता बाबा कोसळले. हातपाय झटकत होते, तोंडाला फेस. आयुष्यातली पहिली फिट.

रिकाम्या पुड्या मी डॉक्टरांपुढे टाकल्या. एका कागदाच्या घडीत कॅप्सूलचं पिवळं टोपण अडकलं होतं. कागदांना चिकटलेली पूड तपासल्यावर बाबांनी काकांकडे जमा केलेलं फिटचं औषधच निघालं.

"फिटचं हे औषध नसांच्या दुखण्यावरही देतात," डॉक्टर म्हणाले. "पण थोडंथोडं वाढवत, मूत्रपिंडाची तब्येत बघून. झोप, चक्कर आली की लगेच सांगायचं. आणि एकदम तोडायचं नाही, नाहीतर फिटही येऊ शकते."

काका परतले, दरबार भरला. बाबांनी ते टोपण सगळ्यांदेखत काकांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे विष ना? मग मला का चारलंस?"

"गुण आला की नाही?"

"औषधाचा आला. तू काय दिलंस?"

बाबा लोकांकडे वळले. "माझ्यासारखी चूक करू नका. पुडी भीतीनं एकदम बंद करू नका, आजच ती घेऊन डॉक्टरांकडे जा. 'फिटचं औषध मला का?' हे मी त्यांनाच विचारायला हवं होतं. लाज वाटली, म्हणून याच्याकडे आलो."

मग पिशवीतून अर्धवट कोट काढून त्यांनी काकांच्या मांडीवर ठेवला.

"तुझ्यासाठी शिवत होतो रे," ते म्हणाले, आणि तिथेच रडले.