नऊ नंबरच्या मशिनीचा आवाज

मित्रांनो, मी रेल्वेच्या रुळाचा हातभर लांबीचा जुना तुकडा आहे. वर्ध्याजवळच्या एका जिनिंगच्या दारात साखळीला लटकून मी घंटेचं काम करतो. तुम्ही मला पाहिलंत तर गंजकं लोखंड म्हणाल. पण माझ्यावर टोले पडले की कापसातून सरकी काढणाऱ्या बारा मशिनी एकदम थांबायच्या. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. त्या थांबेनाशा झाल्या तेव्हा काय झालं, ते मला सांगायचं आहे.

जंक्शनवरचे रूळ बदलले तेव्हा मी भंगारात पडलो. तिथून मला उचलून आणलं ते या जिनिंगचे फिटर प्रेमदास यांनी. त्यांनीच मला भोक पाडलं आणि दारात टांगलं. मोठा अबोल माणूस. मशिनी आठला सुरू व्हायच्या, पण ते साडेसातला हजर असायचे. डबा खुंटीला लावायचा, बाह्या वर करायच्या आणि एकेक पट्टा, एकेक नट पाहत बाराही मशिनींना फेरी घालायची. दर दोन तासांनी ते मला तीन टोले द्यायचे. मग दहा मिनिटं सगळं शांत. बाया पाणी प्यायच्या. त्यांच्या मुकादम यशोदाबाई लांब झाडूने छताच्या लोखंडावर साचलेली रुई खाली पाडायच्या. प्रेमदास प्रत्येक बेअरिंगला हाताची मागची बाजू लावून पाहायचे. गरम लागलं की त्या मशिनीवर दुरुस्तीची खूण म्हणून खडूने फुली. शेवटी एक टोला पडला की मशिनी पुन्हा सुरू. आणखी एक नियम होता. टोले न मोजता सारखे पडू लागले तर हातातलं टाकून अंगणात यायचं.

आजूबाजूच्या जिनिंगी ऐन हंगामात बंद पडायच्या. आमची कधी पडली नाही. दिवसाला दाबून बांधलेल्या रुईच्या पस्तीस गाठी ठरलेल्या. मालक प्रभाकरराव पाहुण्यांना मला दाखवून म्हणायचे, "हा आमचा खरा मॅनेजर!"

प्रेमदास हसायचे. "रूळ काय करते साहेब? थांबून पाहा लागते."

दोन वर्षांपूर्वी प्रभाकररावांचे गुडघे गेले आणि त्यांचा पुतण्या रजत नागपूरहून आला. रजत वाईट नव्हता. सगळ्यांच्या आधी यायचा, उभ्या उभ्या जेवायचा. त्या वर्षी कापूस एकदम आला. फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागली. रजतने मोबाइलवर वेळ मोजली आणि प्रेमदासना बोलावलं.

"भाऊ, दिवसातून चार वेळा मशिनी काऊन थांबवता? चाळीस मिनिटं फुकट जातात."

"फुकट नाई जात साहेब. तेवढ्या वेळातच दिसते, कुठं काय बिघडून राह्यलं ते."

"बिघडलं की पाहू नं. लोक तीन-तीन दिवस गाड्या घेऊन उभे आहेत. त्यांले काय सांगू?"

प्रेमदास मशिनींकडे परत गेले. त्या दिवशी मला वाजवायचा हातोडा ऑफिसात गेला आणि टोले बंद झाले.

पहिल्या आठवड्यात दिवसाला एकोणचाळीस गाठी झाल्या, पुढच्या आठवड्यात एक्केचाळीस. रजतने माझ्या शेजारीच फळा लावला आणि रोजचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहू लागला. पेढे वाटले. बायांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, मलाही वाटलं, आपण उगाचच लोकांचा वेळ खात होतो की काय.

प्रेमदास मात्र जेवणाच्या सुट्टीत फेरी घालत राहिले. मग गाठी बांधणारा माणूस सोडून गेला आणि ते कामही त्यांच्यावर आलं. एका दुपारी त्यांच्या आठच मशिनी पाहून झाल्या. दुसऱ्या दिवशी पाच. आणि एके दिवशी ते सरळ डबा उघडून बसले. कोणाकडे न पाहता जेवले, हात धुतले आणि कामाला लागले. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

छताचं लोखंड पांढरं होत चाललं होतं. रुईचे झुपके वर लोंबत होते. आणि नऊ नंबरच्या मशिनीच्या आवाजात एक बारीक खरखर आली होती. मी लोखंड आहे, लोखंडाचं दुखणं मला कळतं. ती खरखर रोज थोडी जाड होत होती. फळ्यावरचा आकडाही रोज वाढत होता.

मार्चमधली दुपार होती. यशोदाबाई रजतकडे गेल्या. "साहेब, जळल्यावानी वास येऊन राह्यला. नऊ नंबर पाहा."

"मावशी, एवढा ढीग होऊ द्या. मग पाहतो."

त्या प्रेमदासांकडे धावल्या. त्यांनी नऊ नंबरकडे एकदा पाहिलं. हातात अर्धी बांधलेली गाठ होती. "आलोच. हे गाठ बांधून येतो."

गाठ बांधून झालीच नाही. नऊ नंबरमधून ठिणगी उडाली, वरच्या रुईला लागली आणि आग छताछताने इतकी भरभर पळाली की खाली माना वर करायलाही वेळ मिळाला नाही.

यशोदाबाई माझ्याकडे आल्या. हातोडा नव्हता. त्यांनी वीट उचलली आणि मला न मोजता ठोकत सुटल्या. जुन्या बाया हातातलं टाकून बाहेर आल्या. पण काजल नावाची मुलगी नवी होती. तिने माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता. तिला वाटलं, सुट्टी झाली. ती डबा आणायला आतल्या कोपऱ्यात गेली.

प्रेमदास आत शिरले. तापलेलं लोखंडी दार दोन्ही हातांनी रेटून त्यांनी तिला बाहेर काढलं.

काजल वाचली. प्रेमदास दीड महिना सावंगीच्या दवाखान्यात होते. रजत तिथे जाऊन मान खाली घालून बसला तेव्हा ते म्हणाले, "तुमचीच चूक नाई साहेब. मीबी म्हटलं नं, गाठ बांधून येतो." हे यशोदाबाईंनी माझ्याखाली बसून बायांना सांगितलं. प्रेमदासांच्या भाजलेल्या हातांवर नवी कातडी आली, पण तिला गरम-थंड काही कळत नाही.

शेड पुन्हा उभी राहिली. रजतने हातोडा स्वतः आणून टांगला. आता टोले तोच देतो. फेरी काजल घालते. प्रेमदास शेजारून चालतात, ती बेअरिंगला हात लावून त्यांना सांगते आणि ते खडूने फुली मारतात.

पण मित्रांनो, यंदाही कापूस खूप आला आहे. परवा दहा मिनिटांची आठ झाली. काल रजतचा फोन वाजला आणि त्याने सहाव्या मिनिटालाच टोला दिला.

"साहेब, पाच मशिनी राह्यल्या," काजल म्हणाली.

"उद्या पाहजो."

प्रेमदास काही बोलायला गेले, पण मशिनी सुरू झाल्या होत्या. त्या आवाजात कोणाला काही ऐकू आलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचं कोणी रोज कामाला जात असेल. उद्या तुम्हीही जाल. खूप काम करा, मन लावून करा. पण काम थांबवून ते नीट पाहायची वेळ कोणी कापायला लागलं, तर त्याच दिवशी, त्याच जागी बोला. मी लोखंड आहे. मला आपणहून वाजता येत नाही.